खांबावरचा यवन

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला 'बुत' हा शब्द टाळता येत नाही. पुस्तकात गझल आली की बुत येतो, सनम येतो, बुतकदा येतो आणि त्यांच्या मागोमाग काफिरही येतो. मी मुलांना सांगते, शायर इथे प्रेयसीला बुत म्हणतो. कारण ती बोलत नाही, काही केल्या पाझरत नाही. मुले हसतात आणि वहीत अर्थ लिहून घेतात. संध्याकाळी हीच मुले मक्तबात जातात. तिथे बुतपरस्ती म्हणजे शिर्क आणि शिर्क म्हणजे सर्वांत मोठा गुनाह. दुपारी गोड असलेला शब्द संध्याकाळी कडू कसा होतो, असे एकानेही मला अजून विचारलेले नाही. त्यांच्या वयात मीही कुणाला विचारले नव्हते.

शब्दकोशात मात्र तो एकच शब्द आहे आणि तो मुळात एका माणसाचे नाव आहे. 'बुद्ध' हे नाव मध्य आशियातून फिरत फारसीत गेले, त्याचे 'बुत' झाले. अरबीत ते 'बुद्द' झाले. इस्लाम तिकडे पोचला तेव्हा बल्ख, बामियान या मुलखात बौद्ध विहार होते, विहारांत बुद्धाच्या मूर्ती होत्या. लोकांनी मूर्तीलाच बुत म्हटले. मग कुणाचीही मूर्ती बुत झाली आणि माणूस मागे राहून गेला.

दुसरा शब्द मराठीतला. त्याची आणि माझी गाठ बी.एड.ला असताना पडली. आमच्या तुकडीत मी एकटीच मुसलमान. इतिहासाच्या नमुना पाठात एक विद्यार्थिनी उत्साहाने 'यवनी सत्ता', 'यवनांचे अत्याचार' असे बोलत होती. ती वाईट मुलगी नव्हती, मला डब्यातले खायला द्यायची. पण प्रत्येक 'यवन'बरोबर दोन-चार माना माझ्याकडे वळत. पाठ संपल्यावर मार्गदर्शक प्राध्यापकांनी फळ्यावरच्या अक्षराबद्दल सूचना दिल्या, शब्दाबद्दल काही म्हटले नाही. मीही काही म्हटले नाही. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या बाईला मराठीने ठेवलेले हे नाव, मी ते पर्समध्ये घालून घरी आणले म्हणायचे.

हे दोन्ही शब्द मला एकाच दिवशी, एकाच डोंगरावर भेटले.

आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहतो. घरमालकीण आगरी. वय सत्तरीच्या पुढे, सगळी चाळ तिला आजीच म्हणते. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या ताई एका दवाखान्यात नर्स आहेत, बौद्ध आहेत. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या आम्ही दोन्ही घरांनी आजीच्या माळ्यावर रात्र काढली होती. त्या रात्री आजी पाण्याकडे बघत एकवीरेला हाका मारत होती, माझ्या सासूबाई आयतुल कुर्सी पढत होत्या आणि ताई दोघींना चहा करून देत होत्या. तेव्हापासून आजी कुठेही निघाली की "तुमी बी चला गो" असे म्हणते.

गेल्या जानेवारीत आजीच्या नातवाचा नवस फेडायचा होता. नवस कार्ल्याच्या एकवीरेचा. आगरी-कोळ्यांची ती आईच. भाड्याची ट्रॅक्स ठरली, दोन जागा रिकाम्या राहिल्या. ताई म्हणाल्या, "मॅडम, देवीच्या शेजारीच आमचं लेणं आहे. मी मुलाला घेऊन येतेय. तुम्ही पण चला, एवढा इतिहास वाचता."

मी घरी विचारले. मुलांचे अब्बा म्हणाले, "फिरायलाच जातेस ना, जा." सासूबाई सोलापूरकडच्या. त्यांनी तसबीह थांबवली आणि विचारले, "पहाड पो बुतखाना देखने कू जाती क्या गे?" मी म्हटले, "अम्मी, जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असा हुकूम कुरआनातच आहे ना? एकदा नव्हे, कितीतरी वेळा." त्या गप्प राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पानी की बाटली लेके जा." परवानगी आमच्या घरात अशीच मिळते.

कर्जत, खोपोली करत आम्ही खंडाळ्याचा घाट चढलो. लोणावळ्याच्या पुढे कार्ला फाट्यावर वळले की डोंगराच्या पायथ्याला जे गाव लागते त्याचे नाव वेहेरगाव. पाटी वाचून मी ताईंच्या मुलाला म्हटले, "वेहेर म्हणजे विहार." तो म्हणाला, "माहितीये मॅडम." तो कॉलेजात आहे. गेली दोन वर्षे रविवारच्या वर्गाला जाऊन धम्मलिपी शिकतो. आपण जिला ब्राह्मी म्हणतो तिला ही मुले धम्मलिपी म्हणतात. त्याला माहीत नसलेली एक गोष्ट मी सांगितली. अलिफ लैलामध्ये हारून रशीदबरोबर वेष पालटून बगदादमध्ये फिरणारा वजीर जाफर आहे ना, तो बरमकी घराण्यातला. त्याचे पूर्वज बल्खच्या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. त्या विहाराचे नाव नवविहार, फारसीत नौबहार. उर्दू वाचणाऱ्याला वाटते की बहार म्हणजे वसंत. तो वसंत नाही, ते वेहेरगावातलेच वेहेर आहे. बगदादच्या खलिफांचा कारभार पाहणारे घराणे विहारातून आलेले होते, हे ऐकून पोरगा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहू लागला.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने. हार, नारळ, ओटीचे सामान, चिक्की, प्लास्टिकच्या बंदुका. आजीला मधूनमधून बसवत आम्ही वर पोचलो. एकवीरेचे देऊळ लेण्याच्या अगदी तोंडासमोर आहे. एका बाजूला ढोल, गुलाल, नवसाची गर्दी. चार पावलांवर पुरातत्त्व खात्याचा फाटक आणि पलीकडे एकदम शांतता. आजी आणि तिची माणसे रांगेत उभी राहिली, आम्ही तिघे तिकीट काढून आत गेलो.

आधी दिसतो तो सिंहस्तंभ, माथ्यावर चार सिंह. तो एका महारठीचे दान आहे. मग व्हरांडा. भिंतींवर माणसाहून मोठ्या जोड्या कोरलेल्या, स्त्री-पुरुष, अंगभर दागिने, चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही. भव्य हत्ती. आणि मग दारातून आत.

मी ताजमहाल पाहिला आहे, विजापूरचा गोल घुमट पाहिला आहे. ते बांधलेले आहेत. हे कोरून रिकामे केलेले आहे. जवळजवळ ४५ मीटर लांब, भारतातला सर्वांत मोठा शैलगृहातला चैत्य. दोन्हीकडे खांबांच्या ओळी, खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार. वर कमानीदार छत आणि छताला लाकडाच्या फासळ्या. ते लाकूड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, मूळचे आहे. आमच्या चाळीचे वासे पंधरा वर्षांत वाळवीने खाल्ले, म्हणून मी ते लाकूड जरा जास्तच वेळ पाहत राहिले. समोरच्या मोठ्या कमानीतून उजेड आत येतो आणि सरळ टोकाला, स्तूपावर जातो.

टोकाला फक्त स्तूप आहे. एक गोल दगडी घुमट, त्यावर लाकडी छत्री. चेहरा नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. मूर्ती नाही. मी 'बुत' पाहायला डोंगर चढून आले होते आणि ज्या माणसाच्या नावाचा बुत झाला, त्याच्या मोठ्या मंदिराच्या गाभ्यात बुतच नव्हता.

हे मी पुस्तकात वाचले होते. सुरुवातीच्या शतकांत बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत, स्तूप, झाड, पाऊल, रिकामे आसन यांनी त्याची आठवण करून देत. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर ज्या बुद्धमूर्ती आहेत त्या नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या, जुन्या कोरीव कामात जागा काढून बसवलेल्या. वाचलेले होते तरी तिथे उभे राहिल्यावर मला पहिला विचार आला तो कुठल्यातरी जुन्या मशिदीचा. मशीद त्याहून कितीतरी उशिराची, हे मला कळते. पण खांबांच्या ओळी, एका दिशेने नेणारी मोकळी जागा आणि शेवटी जिथे नजर थांबते तिथे कुणाचाही चेहरा नाही, हे आमच्या डोळ्यांना ओळखीचे आहे.

ताईंनी चपला बाहेर काढल्या होत्या. त्या स्तूपासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि हलक्या आवाजात वंदना म्हणू लागल्या. मी खांबाशी उभी राहिले. हात जोडले नाहीत. पण डोक्यावरची ओढणी नीट केली, ते आपोआप झाले. वंदना संपवून त्या माझ्याजवळ आल्या आणि मी न विचारताच म्हणाल्या, "मॅडम, आम्ही यांच्याकडे काही मागत नाही. बाबासाहेबांनी मागायची सवयच मोडून टाकली." मी म्हटले, "मग म्हणता काय?" "मी नीट वागेन, असं म्हणते. दुसरं काय!" बाहेर ढोल वाजत होता. तिथे आजी नातवासाठी मागत होती. सासूबाईंनी निघताना माझ्यासाठी दुआ मागितली होतीच.

तेवढ्यात पोराने हाक मारली. डाव्या ओळीतल्या एका खांबाशी तो मोबाईलचा उजेड तिरका धरून उभा होता. या खांबांवर दानाचे लेख आहेत. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख १८८१ साली छापले, पुढे एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने कार्ल्याचे लेख पुन्हा नीट वाचून काढले. मी घरून त्यांच्या भाषांतराची झेरॉक्स आणली होती. पण पोराने ती बघू दिली नाही. "थांबा मॅडम, मी वाचतो." तो बोट दगडाला न लावता, अक्षराअक्षरावरून हवेत फिरवू लागला. "धे... नु... का... क... टा." धेनुकाकट गावचा. हे गाव नेमके कुठले, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. मग तो पुढे सरकला. "य... व... न... स."

तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. बी.एड.च्या वर्गातल्या माना मला त्या क्षणी आठवल्या. पण त्याची नजर तशी नव्हती. त्याला पुढचे वाचायचे होते. "थंभो दानं. मॅडम, यवनाचं दान! हा खांब यवनाने दिलाय!"

असे यवन कार्ल्याला एकापेक्षा अधिक खांबांवर आहेत. या खांबाच्या यवनाचे नाव सिहधय. यवन हा शब्द ग्रीकांच्या आयोनिया या मुलखावरून आला. फारसी-अरबीत त्याचे यूनान झाले. आमच्या मोहल्ल्यात 'यूनानी दवाखाना' अशी पाटी असते, ती हीच. म्हणजे आमचे हकीमसाहेब ज्या यूनानचे माजून देतात, त्याच यूनानचा हा यवन. काही अभ्यासक म्हणतात की कार्ल्याचे हे यवन जन्माने ग्रीक असतीलच असे नाही, त्यांची नावे तर इकडचीच आहेत. कुणी का असेनात, ते परके म्हणून ओळखले जात होते आणि परके म्हणूनच त्यांनी आपले नाव खांबावर घातले. लपवले नाही. आजूबाजूला कोण आहेत पाहा: वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याहून आलेला एक धर्मपाठक, भिक्षुणी, दार घडवणारा धेनुकाकटाचा सुतार, आणि एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, आपल्याकडचा अत्तार. त्या ओळीत यवनाला वेगळा कोपरा दिलेला नाही. चातुर्मासात चारी दिशांनी येऊन इथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव ज्याने दिले तो उषवदातही शक क्षत्रपाचा जावई, बाहेरून आलेल्यांपैकीच.

पोराने फोटो काढले. मग खांबाला टेकून त्याने विचारले, "मॅडम, एक विचारू? बामियान का फोडलं तुमच्या लोकांनी?"

'तुमच्या लोकांनी' हे त्याच्या तोंडून सहज आले. ताई ओरडल्या, "अरे!" मी म्हटले, "विचारू द्या." २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने त्या दोन मूर्ती, एक ५५ मीटरची आणि एक ३८ मीटरची, सुरुंग लावून उडवल्या, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. अब्बा टीव्ही बंद करून नुसते बसून राहिले होते. मी पोराला सांगितले की इजिप्तच्या मुफ्तींसह उलेमांचे शिष्टमंडळ त्यांना समजवायला कंदाहारला गेले होते, त्यांचे ऐकले नाही. बामियानचे मुसलमान कित्येक शतके त्या मूर्तींच्या पायथ्याशी राहत आले होते. बाराव्या शतकात शहरस्तानी नावाच्या आलिमाने जगातल्या धर्मांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटले की बुद्धाचे जे वर्णन हे लोक करतात ते आमच्या हजरत खिज्रसारखे आहे. इकबालने नानकांवरच्या कवितेत आधी गौतमाचे दुःख सांगितले आहे. हे सगळे सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "पण फोडलं ना." मी म्हटले, "हो. फोडलं." याच्या पुढे माझ्याकडे उत्तर नव्हते आणि तयार केलेले उत्तर त्या जागेत बोलवले नसते.

बाहेर आलो तर आजी प्रसाद घेऊन बसली होती. "काय बगत व्हते गो एवरा येल?" ताईंनी सांगितले की खांबावर यवनाचे नाव सापडले. "यवन म्हंजे कोन?" पोराने माझ्याकडे बोट दाखवले आणि लगेच जीभ चावली. आजीला त्यात काही वावगे वाटले नाही. ती म्हणाली, "मंग येचाच खांब हाय की. आमची आई भायेर, तुमचा बुद्ध आत नि हिचा खांब."

मला ते फार आवडले, तरी मी ते घेतले नाही. तो खांब माझा नाही. हजरत पैगंबरांच्या कितीतरी शतके आधी तो उभा आहे, देणारा बुद्धाचा उपासक होता, आणि त्याचे दान आपल्या खात्यावर जमा करणे म्हणजे त्याच्या नावाने आपल्याला शिवी देण्याइतकेच खोटे. उतरताना मी पोराला चिंचणीच्या ताम्रपटाबद्दल सांगितले. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला, शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी मुसलमान होता. महंमद, संस्कृतात त्याचे मधुमती केलेले. त्याने नदीवर फुकट नाव ठेवली, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र काढले, आणि त्याच्या संमतीने एका देवीच्या मठाला जमीन दिली गेली. त्या लेखात त्याला यवन म्हटलेले नाही, ताजिक म्हटले आहे. यवन, म्लेंच्छ, अविंध ही नावे आमच्याकडे पुढे आली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर स्वतःला अविंध म्हणवून घेतले आणि मराठीत ग्रंथ लिहिले. त्यांची छाती मोठी होती.

पायथ्याला जोहरची वेळ झाली. मुसाफिराला दोन रकात कमी असतात, पण हिशोबाने हेंद्रेपाडा ते कार्ला अठ्ठेचाळीस मैल भरत नाही, म्हणजे मी मुसाफिर नव्हते. पुऱ्या चार फर्ज. नारळवालीने दुकानामागे जागा झाडून दिली, आजीने आपली शाल अंथरली आणि पोर कुणी मधून जाऊ नये म्हणून पाठ करून उभा राहिला. नंतर सगळ्यांनी आपापले डबे उघडले. आजीच्या माणसांनी कोंबडीचा रस्सा केला होता. मला हलालची अडचण आहे हे आजीला पाठ आहे, तिने माझ्यासाठी तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वेगळी बांधून आणली होती.

सोमवारी मी नववीच्या फळ्यावर उर्दूत 'बुत' लिहिले आणि त्याखाली 'बुद्ध'. शेजारी 'यूनान' आणि त्याखाली देवनागरीत 'यवन'. तास संपेपर्यंत दोन्ही शब्दांच्या वाटा काढल्या. यवन हा शब्द आपण मराठीच्या पुस्तकाबाहेरही ऐकला आहे, असे मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. कुठे, ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. शेवटी एका मुलीने हात वर केला, "मॅम, हम वो खंबा देखने जा सकते?"

सहलीची फी, बस, सगळे ठरले आहे. मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांची अट घातली, ती बरोबरच आहे. ४१ मुलांपैकी २३ जणांची पत्रे सही होऊन आली. एका पत्राच्या मागे वडिलांनी सुंदर उर्दू अक्षरात विचारले आहे की तिथे बुत आहे का. मी त्यांना शाळेत बोलावले आहे. गुरुवारी येतो म्हणाले आहेत. झेरॉक्स आणि पोराने काढलेला खांबाचा फोटो मी पर्समध्ये ठेवला आहे.